गिरणी, खोली आणि जमीन

गिरणगावाचे साहित्य आपण शिकवतो तेव्हा भोंगा, साचा, संप आणि लाल बावटा यांविषयी बोलतो. खोलीविषयी सहसा बोलत नाही. मामा वरेरकरांचा 'धावता धोटा', नारायण सुर्वे यांची कविता, अण्णा भाऊंची शाहिरी, जयंत पवारांचे 'अधांतर' या सगळ्यांत माणसे कुठेतरी राहत असतात. पण ती जागा कोणाची, तिचे भाडे कोण घेतो आणि ती तिथेच का उभी आहे, हे प्रश्न वर्गात निघत नाहीत. खोली नेपथ्यात जमा होते. आम्हांस असे वाटते की या नेपथ्याला स्वतःचा इतिहास आहे. तो मुख्यतः जमिनीच्या बाजाराचा इतिहास आहे आणि तो वगळला तर १९८२ नंतरचे मराठी लेखन अर्धेच कळते.

उद्योग आला की नोकऱ्या येतात, नोकऱ्यांमागून माणसे येतात, माणसांना घरे लागतात आणि घरांमुळे जमिनीला भाव येतो, असे अर्थशास्त्राची क्रमिक पुस्तके सांगतात. मुंबईच्या बाबतीत हे खरे आहे, पण पुरेसे नाही. इथे कापसाने जमिनीला भाव दिला, पुढे गिरणीने भाडेकरू दिले आणि शेवटी गिरणी बंद पडल्यावर तिच्या पोटातली जमीन हाच उद्योग झाला. या तिसऱ्या वळणाची तयारी आधीच्या दोन वळणांतच झाली होती, असे आमचे म्हणणे आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी स्थापली आणि १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी सुरू झाली. पण शहराच्या जमिनीला पहिला मोठा भाव आला तो कापडामुळे नव्हे, कच्च्या कापसामुळे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, लँकेशायरचा कापूस अडला आणि मुंबईत पैसा अक्षरशः ओसंडू लागला. या पैशाला जायला जागा हवी होती. ती समुद्रात सापडली. भराव घालून जमीन निर्माण करणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांचे समभाग हातोहात खपले. बॅकबे कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला समभाग पन्नास हजारांच्या वर गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती. गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली, म्हणजे या उधाणाच्या ऐन मध्यावर प्रसिद्ध झाले. मराठीतले शहराविषयीचे पहिले मोठे पुस्तक असल्या मुहूर्तावर यावे, ही गोष्ट आम्हांला लक्षणीय वाटते. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला आणि त्याच्यामागे भरावाच्या कंपन्याही. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा सट्ट्याचा सम्राट त्यात बुडाला. १८६४ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ होती, ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ उरली. मुंबईच्या जमिनीचा भाव मुंबईबाहेरच्या कापसावर उभा आहे, हे त्या दहा वर्षांत एकदा दिसून चुकले होते. मात्र हा धडा फार काळ कोणाच्या लक्षात राहिला नाही.

गिरण्यांची खरी वाढ त्यानंतरची. ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, परळ, लालबाग, वरळी, शिवडी असा पट्टा भरत गेला आणि त्याच्या भोवती चाळी उठल्या. चाळ गिरणीजवळच का, याचे उत्तर गिरणीच्या नोकरीच्या स्वरूपात आहे. 'मुंबईला कामाला आहे' असे गावाकडे सांगणाऱ्यांपैकी पुष्कळजण बदलीवाले असत. सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे, कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत जायचे, नाहीतर परत फिरायचे. ज्याला काम मिळेल की नाही हे पहाटे दारातच कळणार, तो लांब राहून कसा चालेल? म्हणून पायी येण्याच्या टप्प्यात बिऱ्हाड हवेच. नोकरी जॉबरच्या हाती आणि जॉबर त्याच वस्तीतला. राजनारायण चंदावरकरांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात हे नाते बारकाईने मांडले आहे. काम, उधारी आणि निवारा या तिन्ही गोष्टी त्या एका वस्तीत एकमेकींत गुंतलेल्या होत्या. घरमालकाच्या दृष्टीने यापेक्षा उत्तम गिऱ्हाईक कोणते? ते दूर जाऊ शकत नाही, त्याला घासाघीस करता येत नाही आणि त्याच्या जागी येणारा कोकणातून किंवा घाटावरून निघालेलाच असतो.

तेव्हा चाळीची खोली ही गुंतवणूक होती, आणि चांगली गुंतवणूक होती. काही गिरण्यांनी स्वतःच्या चाळी बांधल्या, पण बहुतेक बांधकाम खाजगी मालकांचे. भाडे वाढले की कामगार खोली सोडत नसे, खोलीत माणसे वाढवत असे. गावकऱ्यांच्या मंडळांनी घेतलेल्या खोल्यांत वीस-वीस जण राहत. एका पाळीचे उठत तेव्हा दुसऱ्या पाळीचे त्याच जागी आडवे होत. जेवण खानावळीत. ती बहुधा एखादी कामगाराची बायको किंवा विधवा आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत चालवीत असे. याच बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. खोलीचे हे दुहेरी, तिहेरी उत्पादन कोणत्याही ताळेबंदात आले नाही. आमच्या मते मजुरी जी कमी राहू शकली, ती या दाटीमुळेच. अर्ध्या कुटुंबाचा खर्च गावची शेती सोसत होती आणि निवाऱ्याचा खर्च वीस जणांत वाटला जात होता. गिरणीने घरमालकाला पोसले आणि खोलीने गिरणीला.

१८९६ मध्ये प्लेग आला आणि ही व्यवस्था उघडी पडली. काही महिन्यांत जवळपास अर्धे शहर गाव गाठून मोकळे झाले. उरलेल्या कामगारांसाठी गिरणीमालक रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून रोजच्या रोज चढी मजुरी देऊ लागले. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणे, हवा खेळती राहावी असे रुंद रस्ते काढणे आणि गरिबांसाठी घरे बांधणे ही त्याची कामे. पहिली दोन त्याने उत्साहाने केली. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट ही त्याची देणगी. तिसऱ्याच्या बाबतीत मात्र जितक्या खोल्या पाडल्या तितक्याही बांधल्या गेल्या नाहीत आणि उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत घुसून तिथली भाडी वाढली. दादर-माटुंग्याच्या योजनेतून हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी उभ्या राहिल्या त्या कारकून, वकील, डॉक्टर आणि शिक्षक यांच्यासाठी. मराठी मध्यमवर्गाच्या साहित्यातले 'दादर' तिथून निघाले. त्या वर्गाच्या पगाराचा एक भाग गिरण्यांच्या आणि व्यापाराच्या कचेऱ्यांतून येत होता, हे आपल्या दादरकर लेखकांनी क्वचितच बोलून दाखवले.

पुढचा टप्पा आम्हांला सर्वांत रंजक वाटतो. पहिल्या महायुद्धात भाडी इतकी भडकली की १९१८ मध्ये सरकारला पहिला भाडेनियंत्रण कायदा करावा लागला. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. आपण ज्यांना आजही 'बीडीडी' म्हणतो त्या चाळी याच खात्याच्या. संकल्प पन्नास हजार खोल्यांचा होता. पैसा कोठून आणायचा? त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया जकात बसवली गेली. उद्योगाने घरांना आधार देणे म्हणजे काय, याचे इतके उघड, इतके मोजता येणारे उदाहरण आमच्या वाचनात दुसरे नाही. गाठ बंदरात उतरली की एक रुपया खोलीच्या नावे. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उठल्या आणि खोल्या सोळा हजारांच्या आसपास झाल्या. त्याच खात्याने बॅकबेचा भरावही पुन्हा हाती घेतला. त्यात पैसा समुद्रात गेला आणि लोकांनी त्याला 'लॉइडचे खूळ' म्हटले. चाळींचेही नशीब आरंभी फारसे वेगळे नव्हते. सिमेंटच्या त्या कोंदट पेट्या गिरण्यांपासून दूर, रस्ते-पाण्याची सोय अपुरी, भाडे जास्त. वरळीच्या कित्येक चाळी वर्षानुवर्षे रिकाम्या पडल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांतल्या काहींचा तुरुंग केला गेला.

पुढे त्या भरल्या, आणि कोणी भरल्या हे पाहण्यासारखे आहे. गिरणीत अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाचे कारण तेवढे पुरे होई. साचेखात्यातली मजुरी जास्त. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी नेमका हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. जे साचेखात्यात तेच चाळीत. खाजगी मालक जात विचारूनच खोली देई. सरकारी चाळींत ती अडचण तुलनेने कमी होती, म्हणून वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी दलित वस्तीची मोठी केंद्रे झाल्या. तिथे शाहिरी जलसे रंगले, तिथे दलित पँथरचा जोर वाढला आणि १९७४ च्या जानेवारीत वरळीची दंगल झाली तीही याच चाळींत. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा मुंबईत घडत नाही, पण नोकरी आणि निवारा या दोन्हींसाठी जात लपवावी लागते हा तिचा आशय या चाळींच्या इतिहासाशेजारी ठेवून वाचावा. दलित साहित्याची भौतिक पार्श्वभूमी शोधणाऱ्या विद्यार्थ्याने कापसाच्या गाठीवरच्या त्या रुपयापर्यंत मागे जायला हरकत नाही.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण धरले आणि खेळ उलटला. कामगाराची खोली स्वस्त राहिली आणि मालकाची गुंतवणूक आटली. नवी चाळ बांधणे संपले, जुनीची डागडुजी थांबली आणि पागडी आली. कायदेशीर भाडे पंधरा-वीस रुपये, पण खोली हस्तांतरित होताना हजारो रुपये हातावेगळे. त्यात मालकाचा वाटा. पडझड इतकी झाली की १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी उपकर लावून मंडळ नेमावे लागले आणि तेव्हा उपकरप्राप्त इमारती एकोणीस हजारांहून अधिक निघाल्या. पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ ची. तिच्या हसण्यात जी ऊब आहे तिला या कायद्याचे छप्पर होते, असे म्हटल्यास रसिकांनी रागावू नये. भाडे स्थिर होते म्हणून शेजार स्थिर होता. ज्यांना परवडले ते मालकीच्या फ्लॅटकडे वळले. त्यासाठी १९६३ मध्ये वेगळा कायदा झाला. राहणाऱ्याला घर आणि गुंतवणाऱ्याला मालमत्ता, अशी जागेची फाळणी तिथून सुरू झाली.

आणि याच काळात गिरण्यांच्या पायाखाली काही घडत होते. पट्टा शहराच्या टोकाला होता तो शहर उत्तरेला वाढल्याने मध्यावर आला. यंत्रे जुनी होत होती, यंत्रमागांशी स्पर्धा वाढत होती, पण ज्या सहाशे एकरांवर या गिरण्या होत्या त्यांची किंमत मात्र काहीही न करता वाढत होती. त्यांतली बरीच जमीन भाडेपट्ट्याने, उद्योगासाठी म्हणून स्वस्तात मिळालेली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले. संपाने गिरण्या मारल्या असे एक बाजू म्हणते, मालकांना गिरण्या नकोच होत्या असे दुसरी. आम्हांला वाटते की दोन्ही बाजू जमिनीचा हिशेब पुरेसा मांडत नाहीत. जी मालमत्ता चालवली तर तोटा आणि थांबवली तर नफा देते, तिच्या मालकाकडून तडजोडीची घाई होणार नाही, एवढे तरी मान्य करावे लागेल. मग संप मोडणे आणि संप न मिटवणे यांत फरक उरत नाही.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनी विकायला वाट दिली. अट अशी की मोकळ्या होणाऱ्या जमिनीचे तीन वाटे करायचे. एक महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. विक्रीचा पैसा गिरणीचे आधुनिकीकरण आणि कामगारांची देणी यांसाठी. जमिनीने उद्योगाला जगवावे, असा हा उलटा आधार होता. कागदावर तो न्याय्य वाटतो. चार्ल्स कोरिया समितीने १९९६ मध्ये या जमिनींचा एकत्रित आराखडाही सुचवला. २००१ मध्ये नियमातल्या व्याख्येत दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची करायची असे ठरले. गिरणीच्या आवारात रिकामी जमीन ती किती? बहुतेक भागावर तर शेड उभ्या. शेड पाडून मोकळी झालेली जमीन वाटणीबाहेर गेली. व्याकरण शिकवणाऱ्यांनी इथे थांबून पाहावे, कारण 'मोकळी' या एका विशेषणाच्या अर्थावर शेकडो एकरांचा निवाडा झाला. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने न्यायालयात दाद मागितली. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये तिचे म्हणणे मान्य केले, पण सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी तो निकाल फिरवून दुरुस्ती कायम ठेवली.

तोवर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ मध्ये पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या होत्या. मुंबई टेक्स्टाइल ७०२ कोटी, एल्फिन्स्टन ४४१, कोहिनूर क्रमांक तीन ४२१, ज्युपिटर २७६, अपोलो १८०. बेरीज २,०२० कोटी. मुंबई टेक्स्टाइलची सतरा एकर जमीन २०१२ मध्ये पुन्हा विकली गेली तेव्हा तिला २,७०० कोटींच्या आसपास किंमत आली. सात वर्षांत तिच्यावर सूत निघाले नव्हते की कापड. २०२३ मध्ये बॉम्बे डाइंगने वरळीची सुमारे बावीस एकर जमीन एका जपानी समूहाच्या कंपनीला ५,२०० कोटींना देण्याचा करार जाहीर केला. दलालांनी लोअर परळला 'अप्पर वरळी' म्हणायला सुरुवात केली होती, ते पुष्कळ आधी. जिथे खोली दहा बाय बारा अशी सांगितली जात होती तिथे 'सुपर बिल्ट-अप' हे माप आले. त्यात जिना, लिफ्ट आणि पोहण्याचा तलावही खरेदीदाराच्या चौरस फुटांत मोजले जात. २०१६ च्या केंद्रीय कायद्याने विक्री चटई क्षेत्रावरच करण्याचे बंधन घातले.

आज या भागाला आधार देणारे उद्योग वित्त, जाहिरात, दूरचित्रवाणी, हॉटेले हे आहेत. कित्येक कचेऱ्या जुन्या गिरणीच्या आवारातच आहेत. पण नाते पूर्वीसारखे राहिलेले नाही. पूर्वी गिरणीच्या पगाराच्या मर्यादेत भाडे राहावे लागे, कारण भाडे देणारा दुसरा कोणी नव्हता. आता घराचा भाव तिथे काम करणाऱ्यांच्या पगाराशी बांधलेला नाही. शिवाय राज्याची तिजोरीच या बाजारावर टेकलेली आहे. मुद्रांक व नोंदणी शुल्क हा महाराष्ट्राच्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक. २०२० च्या सप्टेंबरात, साथीच्या काळात, सरकारने घरखरेदीवरचे मुद्रांक शुल्क शहरांत पाचवरून दोन टक्क्यांवर आणले ते बाजार हलावा म्हणून, आणि तो हलला. १९२० मध्ये कापसाच्या गाठीवर कर बसवून खोल्या बांधल्या गेल्या. शंभर वर्षांनी खोल्यांवरचा कर कमी करून अर्थव्यवस्था सावरली जात होती.

या सगळ्यानंतर 'अधांतर' पुन्हा वाचावे. १९९७ च्या त्या नाटकात गिरणी रंगमंचावर येतच नाही. आपण धुरी कुटुंबाच्या एका खोलीत असतो. समीक्षकांनी ती खोली कोंडमाऱ्याचे प्रतीक मानली. ती चूक नाही, पण प्रतीक होण्याआधी ती गिरणगावातली खोली आहे, म्हणजे त्या कुटुंबाजवळ उरलेली एकमेव किंमत असलेली वस्तू. मुलांचे श्रम बाजारात कोणाला नकोत. पायाखालच्या जमिनीवर मात्र सगळ्या शहराचा डोळा. पवारांच्या पुढच्या संग्रहाचे शीर्षक 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' असे आहे आणि गिरणगावात वाढलेल्या वाचकाला त्यातले 'फिनिक्स' आधी गिरणी म्हणून ऐकू येते, मग मॉल म्हणून, आणि ग्रीक पक्षी म्हणून सर्वांत शेवटी. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ मध्ये गिरणगावाचा मौखिक इतिहास प्रसिद्ध केला. त्यातल्या माणसांच्या बोलण्यात काम आणि जागा यांची अशी फारकत नाही. ती आपण अभ्यासक करतो.

म्हाडाच्या वाट्याला जी जमीन आली तीवर कामगारांसाठी घरे झाली. २८ जून २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत ६,९२५ घरे होती आणि अर्ज दीड लाखाच्या आसपास. मार्च २०२० मध्ये बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास गिरण्यांच्या जागेवरील ३,८९४ घरांची सोडत निघाली. किंमत साडेनऊ लाख. उरलेल्यांसाठी मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याचे ठरले. मध्य रेल्वेवर बदलापूरच्या पुढची ही दोन स्थानके. कामगार आणि त्यांचे वारस यांच्या संघटनांनी ती नाकारली. जुलै २०२५ मध्ये ते आझाद मैदानावर जमले तेव्हा मागणी मुंबईतच, गिरण्यांच्या शिल्लक जमिनीवर घर मिळण्याची होती. त्याच्या पुढच्याच महिन्यात वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना पुनर्विकसित इमारतीतल्या पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. जुनी खोली एकशे साठ चौरस फुटांची होती.